चौसष्ट नंबरची सीडी

आमचा धंदा मांडवातला. घोरपडे पेठेत गाळा,
बाहेर पाटी : 'शिकलगार साउंड. उधारी मागून नातं तोडू नये.'
लग्न, बारसं, नगरसेवकाचा वाढदिवस.
मग एका वर्षी बालेवाडीला देशोदेशीची पोरं धावायला आली
आणि एकाहत्तर राष्ट्रगीतं
बुटांच्या खोक्यातून माझ्या हातात पडली.

साहेब म्हणाले, चुकलास तर
दोन देशांत भांडण लागेल.
मी प्रत्येक सीडीवर स्केचपेननं नंबर टाकले.
आठ म्हणजे कोण, एकोणीस म्हणजे कोण,
झोपेतून उठवून विचारा.

चौसष्ट एका बेटाचा.
नाव सांगितलं तर विसराल, मीही विसरायचो,
म्हणून वर नुसतं 'बेट' लिहिलेलं.
संचलनात ते चौघं आले :
झेंडा धरलेली पोरगी, एक लांब उडीवाला, एक मास्तर,
आणि एक बाई, त्याच डॉक्टर, त्याच खजिनदार.
टाळ्या जमायच्या आत पुढे निघून गेले.

कँटीनमध्ये मास्तर माझ्याच टेबलावर.
साबुदाण्याची खिचडी त्यानं
माशाची अंडी समजून दोनदा घेतली.
मग कागदी रुमालावर राजधानी काढली :
एक बंदर, एक चर्च, एक सिग्नल,
मासळीबाजारामागे मैदान.
चौथा कोपरा समुद्रात,
म्हणून चारशेचा ट्रॅक तीनशे साठवरच वळतो.
माणसं किती?
त्यानं रिकाम्या स्टेडियमकडे बोट केलं,
अर्ध्याच्या जरा पुढे, खुर्च्यांच्या एका रांगेवर थांबवलं.
इथपर्यंत.

एवढ्यांच्या तर आमच्या पेठेत
गणपतीत चपला हरवतात.
बोललो नाही.

तीन नंबरची सीडी इतकी वाजली की ओरखडे पडले.
चौसष्टचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.
लांब उडीवाला पाचवा आला.

पण नियम होता, रोज पहाटे आवाज तपासायचा.
कुठली सीडी लावून, ते कुणी सांगितलं नव्हतं.
शेवटच्या दिवशी साडेपाचला,
गवतावर दव, नदीकडून कुत्र्यांचा कालवा,
मी प्लास्टिक दातानं फाडलं.

आधी पितळी वाद्यं, मग बायकांचा आवाज,
मग एक लाट, किंवा खरखर,
माझ्याच स्पीकरची असेल, खात्री नाही.
एक मिनिट अकरा सेकंद.
पायऱ्या झाडणाऱ्या गऊबाई
खराटा बगलेत धरून ताठ उभ्या राहिल्या.
कुणाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.
कुणाचं तरी आहे, एवढं पुरलं.
आणि लांब, सरावाच्या ट्रॅकवर,
चार ठिपके चालता चालता थांबले.
मी तोंड फिरवलं.
असं बघत बसू नये.

आता त्यांच्या राजधानीत खेळ भरलेत.
डॉक्टरबाईंचा मेसेज आला, फोटोंसकट.
खेळाडू शाळेच्या वर्गांत झोपतात,
पाहुणे साहेब एका जुन्या बोटीवर.
सिग्नल अजून एकच, पण रंग दिलाय.
मास्तर मागच्या साली गेले.
भराव टाकून चौथा कोपरा पुरा केला,
खेळ संपेपर्यंत समुद्र ऐकेल असं वाटतं.
झेंडा धरलेली पोरगी आता स्पर्धेची प्रमुख,
फोटोत ती घामेजलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा.
शेवटी प्रश्न :
तुमचं राष्ट्रगीत दोन लांबींचं आलंय. कुठलं लावू?

मी लिहिलं, बावन्न सेकंदांचं.
आणि पदकाची वाट बघू नका,
पहाटे आवाज तपासायचा असतोच.

तिकडे पहाट म्हणजे इकडे किती,
भाच्याला विचारून गजर लावलाय.
ऐकू काही येणार नाही.
लावलाय.