प्रस्थानाची तारीख

परदेशी माणूस उतरला की सी-फॉर्म भरावा लागतो.
नाव: माल्ले कास्क. वय: सदुसष्ट. देश: एस्टोनिया.
तो कुठं आला, हे घरी मुलीच्या नकाशावहीत शोधलं,
नखाखाली अख्खा मावला.
भेटीचं कारण: पर्यटन.
पुढचा मुक्काम: मुंबई, मग घर.
फॉर्ममध्ये ‘घर’ असं लिहायचं नसतं,
पण तिनं तसंच सांगितलं.

चार दिवसांत सगळं उरकलं होतं बाईनं.
पन्हाळा, जोतिबा, न्यू पॅलेसमधला भुसा भरलेला वाघ,
रंकाळ्यावरची भेळ,
खासबागेच्या रिकाम्या मैदानात
एकटीच बसून तासभर.
वहीत प्रत्येकापुढं बरोबरची खूण.
आणि गाडीला अजून दोन दिवस.

‘आता काय बघू, इलाही?’
मी कपाळ खाजवलं.
पन्हाळ्याला मी सहावीच्या सहलीत गेलेलो,
तीन दरवाज्यापाशी डबा सांडला एवढंच आठवतंय.
म्हटलं, बघायचं संपलं असेल तर बसा जरा.

तर बसली.
काउंटरसमोरच्या फाटक्या रेक्झिनवर,
चहाचा कप गुडघ्यावर धरून.
सांगलीचे औषधवाले आले, निपाणीचं वऱ्हाड आलं,
कोर्टाच्या तारखेला आलेले दोन सख्खे भाऊ,
वेगवेगळ्या मजल्यांवर खोल्या मागणारे.
त्यांच्याकडं ती पन्हाळ्याकडं बघावं तशी बघत होती.

संध्याकाळी मी गंगावेशीत दूध प्यायला निघालो,
तर मागोमाग आली.
धार थेट पेल्यात.
फेसाची मिशी घेऊन म्हशीलाच थँक्यू म्हणाली.
गवळी हसला नाही,
म्हशीच्या वतीनं मान हलवली त्यानं.

दुसऱ्या दिवशी पापाच्या तिकटीवरनं चप्पल आणली,
कापशी, लाल गोंड्याची.
दुपारपर्यंत दोन्ही अंगठ्यांना फोड.
म्हटलं, नवी चप्पल आधी चावते, मग ऐकते.
एरंडेल चोपडा, गच्चीवर ठेवा, विसरून जा.

निघताना उरलेली चिल्लर काउंटरवर ओतली.
तिकडं चालत नाही, इकडं कुणाला चालेल?
मग वहीच्या शेवटच्या पानावर शिक्का मागितला.
लॉजचा शिक्का एकच: ‘रक्कम पोचली’.
तोच मारला. तारखेचं चाक अडकलेलं,
मागच्या गुरुवारावर.

पासपोर्ट माझाही होता. छत्तीस पानी.
बहारीनला सुतारकामाला जायचं ठरलेलं,
एजंटानं फोन बंद केला.
दहा वर्षांनी मुदत संपली
तेव्हाही काढल्या दिवसाइतकाच कडक होता.
हे तिला सांगितलं नाही.
बॅग तेवढी रिक्षात ठेवली.

रात्रीच्या महालक्ष्मीनं गेली.
प्रस्थानाची तारीख भरली, सही केली, फाईल मिटली.
पहाटे टाकीत पाणी किती आहे बघायला गच्चीवर गेलो,
तर चप्पल तिथंच,
तेल पिऊन काळी पडलेली, दवानं थंडगार.

मेसेज टाकला. आठ दिवसांनी उत्तर:
‘इथं बर्फ आहे. घाई नाही.’
कुरिअरवाल्यानं सांगितलेल्या आकड्यात
आणखी चार जोड आले असते.
तरी पाठवणार. पण अशी नाही.
अशी पाठवली तर तिकडं परत फोड येतील,
आणि तिथं एरंडेल मिळतं का, कुणाला विचारू?

म्हणून एकनंतर लॉज झोपलं
की मी ती पायात घालतो.
बाईचा पाय मोठा, माप माझंच निघालं.
काउंटरपासून जिन्यापर्यंत,
जिन्यापासून काउंटरपर्यंत,
करकर, करकर.
परवा तीन नंबरमधला आतनं ओरडला,
‘कोण चाललंय?’
म्हटलं, कोण नाही. झोपा.

डावी ऐकायला लागलीय.
उजवी अजून नाही.