गुरुवार, दहा वाजून अकरा

गुरुवार. बाणेरची वीज नेमाप्रमाणे गेलेली.
ए विंगचे जिने उतरून, बी विंगचे चढून
फिलिपा दारात,
लॅपटॉप पोटाशी, मांजर धरावं तसा.
"काका, इन्व्हर्टर?"

तिकडे न्यूयॉर्कात अर्ज बंद व्हायला अठरा मिनिटं,
इकडे माझं दूध गॅसवर.
आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत पोरीला, अमेरिकेत.
पासपोर्ट ब्रिटिश, बाप चाकणला गिअरबॉक्स तपासतो,
आणि मराठी भाजीवाल्या मंदाबाईंकडून उचललेलं,
सुट्ट्या पैशांच्या कटकटीसकट.

निबंध साडेसहाशे शब्दांचा.
आधी सन्डरलंडचं बंदर लिहिलं होतं तिनं,
ते खोडलं.
"मग काय लिहिलंस?"
"टँकर."

गेल्या मेमधला आमचा टँकर.
ए विंग, बी विंग, आणि मधल्या व्हॉल्व्हची किल्ली,
जी तीन आठवडे माझ्या खिशात होती.

वाचायला घेतलं. चष्मा उगाच दोनदा पुसला.
माझं नाव कुठंच नव्हतं.
नुसतं "पलीकडचा पक्ष",
आणि शेवटाकडे एक वाक्य:
तो माणूस वाईट नव्हता,
त्याला आधी कुणी चहाला बोलावलं नव्हतं.

दहा सव्वीस. तिनं बटण दाबलं.
ते चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं,
थांबलं.

दूध कधीच उतू गेलेलं.
उरलं त्याचा चहा केला, दोन कप.
साखर कमी, म्हणाली.

किल्ली अजून खुंटीलाच आहे.
संध्याकाळी ए विंगच्या चिटणीसांकडे जाऊन यावं म्हणतो,
लिफ्ट सुरू झाली की.
नाहीतर जिन्यानंच.