माया

वजन चक्कीवाल्या मोईनला विचारा.
मला इंच कळतात.
माजलगावात, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत
एकतीस वर्षांच्या अकरा वह्या आहेत माझ्याकडं
आणि एकाही बाईचं माप
दोन पानांवर सारखं नाही.

कुमुद मास्तरणीचं बघा.
लग्नाचा ब्लाउज : छाती बत्तीस.
पहिल्या बाळंतपणानंतर छत्तीस.
सासूनं डिंकाचे लाडू कोंबले, म्हणाली हसत.
मग बदली धारूरला, रोजची एसटी, घाट, उभ्यानं,
तेव्हा चौतीस.
मग गळ्यातली ती ग्रंथी मंदावली
अन् चाळीस.
एकच भाकर खाते हो, शप्पथ,
टेपसमोर हात जोडून सांगू लागली.
मी म्हटलं, बाई, टेप म्हणजे काय कोर्ट आहे?

ऊसतोडीवरून बाया परततात उन्हाळ्यात.
दिवाळीआधी शिवलेला झंपर
खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर.
आत घे ताई, दोन्हीकडून.
गयाबाईचं मात्र उलटं.
पिशवी काढली, अन् वर्षाच्या आत अंग सुटलं.
लोक म्हणाले, बरं चाललंय वाटतं गयाचं.

संघमित्रा दोन वर्षं लातूरला क्लासला.
मेसचा भात, रात्रीची मॅगी, खुर्ची.
आली तर ड्रेस खांद्याखाली उतरेना.
आई रडवेली.
पोरगी म्हणे, फिजिक्सचं वजन आहे गं,
निकाल लागला की उतरेल.
निकाल लागला.
आता होस्टेलवर असते संभाजीनगरला,
मापं फोनवर कळवते,
दर वेळी अर्धा इंच कमी सांगते.
मी अर्धा इंच धरूनच कापते.

आणि तहसीनआपा.
नवरा गेला त्या साली
एका रमजानातून दुसऱ्या रमजानापर्यंत साडेतीन इंच.
कारण मी लिहिलं नाही.
वहीत कारणाचा रकाना नाही.

म्हणून शिवणीच्या आत कापड सोडते मी,
दीड इंच, कधी दोन.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.
बाई भरली तर उसवायचं,
वाळली तर दाबायचं,
कापड तेच.
नव्या पोरी बीडहून रेडिमेड आणतात,
मी उलटं करून दाखवते :
बघ, पाव इंच, वर मशीनचा गोफ.
दिसायला झ्याक आहे.
माया नाही यात.

काल सून शिकायला बसली,
म्हणाली, आत्या, तुमचंच माप घेते.
टेप कमरेला लागला
अन् माझं पोट आपोआप आत गेलं.
ती थांबली.
श्वास सोडा, आत्या.

एकतीस वर्षं हेच सांगते मी समोरच्या बाईला.
सोडला.
तिनं आकडा लिहिला, वही मिटली,
मी काही विचारलं नाही.
वही तिथंच आहे, कात्रीखाली.