गवत संपतं तिथून वर

त्यांनी विचारलं, या डोंगराचं नाव काय?
बाबा म्हणाले, गवत संपतं
तिथे आमची नावंही संपतात.
खाली बार्तांगच्या काठाला सगळ्याला नाव आहे:
पाटाच्या वळणाला, वाकड्या जर्दाळूला,
खुदोयोरची गाढवी ज्या दगडाशी व्याली
त्या दगडालासुद्धा.
वर कोण बकरी नेतो?

त्यांच्या नकाशात नुसता आकडा होता.
सहा हजार चारशे अकरा.
त्या अकरावर गेन्नादी फार मायेनं बोट ठेवायचा.
आर्त्योम माझ्याकडून आमचे शब्द शिकायचा.
पाणी. मीठ. पुरे.

हिमनदीच्या तोंडाशी गाढवं अडली.
गाढवाला कळतं, बाबा म्हणाले,
आणि भाडं अर्धंच घेतलं.

मग नऊ दिवस.
आम्ही बटाटे काढले.
रात्री वरून आवाज यायचा,
कुणी रिकामं कपाट ओढत नेतंय असा.
आई म्हणायची, बर्फ कूस बदलतंय, झोप.
सहाव्या दिवशी शिखरावरून पांढरा पट्टा निघाला,
आडवा, लांबच लांब.
इतक्या खालूनही वारा दिसत होता.

दहाव्या दिवशी गेन्नादी आला. एकटा.
बोटं पावसात सापडलेल्या जर्दाळूंसारखी.
आईनं ती कोमट पाण्यात धरली.
तो ओरडला नाही, म्हणून आई रडली.

म्हणाला, ऐंशी मीटर राहिले होते.
एका पावलाला दोन श्वास, मग पाच, मग दहा,
मग पाऊल म्हणजे काय तेच आठवेना.
आर्त्योम खाली बसला.
म्हणाला, तू उतर, चहा टाक, आलोच.
तिथे पाणी लवकर उकळतं,
पण चहा उतरत नाही.
तीनदा टाकला.

बाबांनी विचारलं, वर असतं तरी काय?
गेन्नादी चुलीकडे बघत राहिला.
माहीत नाही, म्हणाला.
ऐंशी मीटर राहिले होते.

आर्त्योमचे जादाचे बूट आमच्याकडेच राहिले.
बाबांना मोठे होतात.
पुढे लोकर कोंबून, पाणी सोडायला जाताना घालतात.

आणि परवा,
खुदोयोरची धाकटी नात, जिनं त्याला पाहिलंही नाही,
छपरावरून ओरडली:
आर्त्योमवर ढग आलेत, तुती आत घ्या!

कुणी मान वर केली नाही.
मी चादरीची चार टोकं गोळा केली.
पाऊस काही आला नाही.