बदलाचे कारण, दोनशे अक्षरांत

हर्णैच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं झेरॉक्सचं दुकान. बाहेर पाटी:
सातबारा, पॅन, लाईट बिल, कॉलेजचे फॉर्म.
पाटीवर न लिहिलेलं: पोरांना पाणी देणं,
सर्व्हर बसला की त्यांच्या आयांना बसवून ठेवणं.

ईश्वरी तांडेल गेल्या मे महिन्यात आली,
मासेमारी बंद व्हायला चार दिवस होते.
पसंतीक्रम एक: रसायनशास्त्र.
मी विचारलं, आवडतं?
म्हणाली, लोट्याच्या कंपन्यांत घेतात.
आवडतं का, ते मी पुन्हा विचारलं नाही.
मागे सात जण उभे होते.

ओटीपी बापाच्या फोनवर, बाप दर्यात,
पाचला मुदत संपणार.
तीनदा मागवला आकडा, तीनदा पाण्यावर विरला.
चार पन्नासला होडी सुवर्णदुर्गाच्या आत आली असावी,
कारण फोन वाजला, मागे इंजिनाची धडधड,
आणि एक माणूस ओरडून सहा आकडे वाचू लागला
लिलावात बोली लावावी तसे.
कशासाठी, ते त्याने विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.
फॉर्म लॉक झाला, खरं तर माझ्याच बोटाने.

इथे सुकाणू, वारा, शीड असं काहीबाही लिहिता आलं असतं.
पण ह्या होड्यांना डिझेल लागतं,
आणि डिझेलचा हिशेब ईश्वरीच ठेवते.
निळी वही, आठवीपासूनची:
तारीख, पापलेट, सुरमई, बांगडा,
पहिली बोली, शेवटची बोली,
भरती किती वाजता, व्यापाऱ्यांचे टेम्पो किती.
शेवटच्या रकान्याला नाव नाही.
तिथे नुसती प्रश्नचिन्हं, वर्षानुवर्षांची.

वर्षभराने ती वही घेऊनच आली.
ह्या खेपेला बाप सोबत, होड्या वर ओढलेल्या,
बोटांवर जाळं विणल्याचे चरे.
अर्ज: मुख्य विषय बदलणे.
पूर्वीचा, रसायनशास्त्र. नवा, संख्याशास्त्र.
बदलाचे कारण, दोनशे अक्षरांत.

तिने लिहिलं:
प्रयोगशाळेत माझं लक्ष द्रावणापेक्षा
चुकीचे आकडे कुणाचे जास्त येतात, तिकडे
पुसलं.
असाही विषय असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं
हे बराच वेळ राहू दिलं, मग पुसलं.
मी म्हटलं, 'वैयक्तिक' लिही, सगळे तेच लिहितात.
तिने असं बघितलं माझ्याकडे
की मी उठून पंखा वाढवला.

ह्यात काय कळतं गो? बाप म्हणाला.
पापलेटाचा भाव अचानक का पडतो, ते.
ते मला विचार की!
हसला. मग थोड्या वेळाने, वहीकडे बघत,
मला तरी कुठे ठाऊक हाय.

त्याच्या खिशात फोन वाजला.
ह्या वेळी आकडे हळू वाचले त्याने,
चश्मा नसल्यामुळे फोन लांब धरून.
शेवटच्या आकड्याआधी थांबला.
नक्की?
नाही, ती म्हणाली. वाच बाबा.

मी भूगोलाला जाणार होते.
दापोलीला रांग जिन्यापर्यंत आलेली,
कॉमर्सची खिडकी मोकळी,
आणि दीडची एसटी चुकवायची नव्हती.
एवढंच कारण.
दोनशे अक्षरांत बसून वर जागा उरते.

पावतीचे दहा रुपये घेतले तिच्याकडून.
तिने कारण शेवटी काय लिहिलं ते छापताना दिसलं असतं,
मी कागद उलटाच दिला.

शटर ओढण्याआधी पान पुन्हा उघडलं.
भूगोल. बहिःस्थ. पात्रता.
वयाची अट शोधत खाली खाली गेले,
पान संपलं, अट आली नाही.
परत वर जाऊन नीट वाचलं.

दीडची एसटी आता दोनला सुटते.