काल रात्री या खाटेवर कोण झोपलं होतं?

सूरच्या धक्क्यावर गलबताच्या फटी बुजवतायत,
ठक ठक.
मी खिडकी लावून गुण देतेय.
परदेशी तज्ज्ञांची मदत वेळेवर मिळाली का? पाच.
प्रशिक्षण उपयोगी पडलं का? चार.

प्रश्न एकोणीस त्यांचाच, अगदी चांगल्या मनाने घातलेला:
काल रात्री या खाटेवर कोण झोपलं होतं?

झुवैना सांगते,
कामगारांच्या वस्तीत खाट एक, माणसं दोन.
रात्रपाळीवाला दिवसा पडतो.
काल रात्री तो खताच्या कारखान्यात उभा होता,
म्हणजे रकान्यात कुठेच नाही.

मग काय केलंस?

टॅब्लेटला समास नसतो, म्हणाली,
आणि पर्समधून शाळकरी वही काढली.
पेन्सिलीने एकशे बारा नावं.
कुणी सांगितलं नव्हतं.

अरबी मी अडखळत वाचते.
सातव्या ओळीत: यशवंत राघो बदवल.
बदवल?
अरबीत प नाही, ळ तर नाहीच.
पडवळ.
आमच्या राजापूरकडचा असणार.

अहवालात एक ओळ आहे:
तांत्रिक साहाय्य पुरवणारी संस्था.
तिथे मी झुवैनाचं नाव लिहिलं.
खोडलं.
मग तिची पेन्सिल मागून घेतली.