घट

मार्केट यार्डात मी तोलाईला असतो.
गुळाचा रवा टेकला की
हाताला आधी कळतं, काट्याला मागनं.
पहिल्या रव्याला आम्ही एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो.
लाभ, दोन, तीन.
बापाकडनं आलेली मोजणी.

पोरगी झाली तेव्हा दोन किलो नऊशे दहा.
सीपीआरच्या कागदावर निळ्या शाईत आहे.
तिसऱ्या दिवशी दोन किलो सहाशे चाळीस.
मी म्हटलं, परत ठेवा,
काट्याखाली कापड आलं असंल.
मुल्लाणी सिस्टरनी काटा शून्यावर आणून दाखवला,
परत ठेवली.
दोनशे सत्तर ग्रॅम.
यार्डात एवढं आम्ही
पोत्याच्या सुतळीला सोडतो.

"थोडी घट असतेच," त्या म्हणाल्या,
"पण दहा टक्क्यांजवळ आली की बघावं लागतं."

घट.
हा शब्द माझा होता.
नवा गूळ वखारीत सुकतो, अंग सोडतो,
अडत्या घट धरूनच भाव बोलतो.
पण गुळासाठी मी कधी रात्री उठून
नाकापुढं बोट धरलेलं नाही.
गुळाच्या लंगोटावर विटकरी डाग पडत नाही.

हर्षला भिंतीकडं तोंड करून बसायची.
पोरगी तोंड लावायची, चारदा ओढायची,
झोपून जायची.
चिरा पडलेल्या. हर्षला पदराचं टोक
दाताखाली धरायची.

बघायला येणाऱ्या प्रत्येकीच्या पदरात एक उपाय.
मध चाटवा. घुटी उगाळा.
शेजारच्या बायनाक्का उठता उठता म्हणाल्या,
"अंगावर नाही तर नाही,
दूधकट्टा काय लांब हाय?"
ते "नाही तर नाही"
हर्षलानं रात्रभर उशाला घेतलं.

संध्याकाळी गंगावेशीत थांबलो.
म्हशी उभ्या, चरवीत धार वाजत होती,
तालमीतली पोरं एका दमात ग्लास संपवून
मिशीवरचा फेस मनगटानं पुसत होती.
या गावात दूध रस्त्यात उभं राहून पितात.
गवळ्यानं विचारलं, इथं का न्यायला?
किती वेळ मी नुसताच उभा.
मग म्हटलं, इथं.
आणि ग्लासभर एकटा प्यालो,
चोरी केल्यागत.

पाचव्या दिवशी सिस्टरनी हर्षलाच्या पाठीला उशी दिली,
पोरीचं पोट तिच्या पोटाला लावलं.
"नुसतं टोक नको, काळा भाग तोंडात जाऊ दे.
हनुवटी रुतू दे. घाई कुणाला हाय?"
राहिलेलं वाटीत पिळून चमच्यानं पाजायचं,
दर दोन तासानं तळवे चोळून उठवायचं,
लंगोट किती भिजले मोजायचं.
मोजायचं म्हटल्यावर मी पुढं झालो.
"तुम्ही सारखं काट्यापाशी नका नेऊ तिला," त्या म्हणाल्या.
"ऐका. गिळती का, ते ऐका."

ऐकायची सवय नाही मला.
सौद्याच्या गलक्यात मी फक्त काटा बघतो.

आठव्या दिवशी दोन किलो सातशे वीस.
एकशे नव्वद ग्रॅम अजून येणं आहे.

रात्री अडीच. हर्षला म्हणाली, दिवा नको.
तिच्या अंगाला मेथीचा, घामाचा, आंबूस दुधाचा वास.
माझ्या हातांना धुऊनही गुळाचा.
ओढणं ऐकू आलं.
ओढणं.
ओढणं.
मग हौदात खडा पडल्यागत, बारीक —
"लाभ," मी म्हटलं.
हर्षला हसली का रडली,
अंधारात कळलं नाही.
"हळू. बुजंल ती."

दोन.

खालून एक रिक्षा गेली.
बराच वेळ काही नाही.
मी मांडी मोडून बसलेलो, पाय बधिर.

तीन.

चार म्हणायला तोंड उघडून
थांबलोय.